पळायला वेळच मिळत नाही : अडीच वर्षांचं मूल, हिंजवडीची नोकरी आणि आठवड्याला तीन रन

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुला कळेल. वय ३४, मुलगा अडीच वर्षांचा, आठवड्यातून तीन दिवस पुण्याजवळ हिंजवडीच्या आयटी पार्कात ऑफिस आणि दोन दिवस घरून काम, नवराही आयटीतच, सासूबाई बरोबर असतात पण त्यांचे गुडघे दुखतात. लग्नाआधी तू १० किमी आरामात पळायचीस. आता चार वेळा पुन्हा सुरुवात केलीस, पहाटे पाचचा अलार्म लावून, आणि चारही वेळा तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं. आणि तुला जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किमी, करायचीये. "माझ्यात शिस्तच नाहीये का?" असं शेवटी लिहिलंयस.

अगं, नाही. (अगंतुगं करतेय, चालेल ना, मी ४६ची आहे.)

मी १६ वर्षं पळतेय, त्यातली साधारण ११ वर्षं घरात शाळेत न जाणारं किंवा नुकतंच जायला लागलेलं पोर होतं. नऊ वर्षं मीही कोथरूडहून हिंजवडी फेज टूला रोज गेलेय, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे, म्हणजे रिलीजच्या आठवड्यात रात्री अकराचे कॉल काय असतात ते मला सांगू नकोस. गेली सहा-सात वर्षं शनिवार-रविवार नव्याने पळणाऱ्यांचा ग्रुप घेते, त्यात निम्म्याहून जास्त तुझ्यासारख्याच आया आहेत. आणि इतक्या जणींना बघून माझं मत पक्कं झालंय की लहान मूल असलेल्या बाईचं पळणं बंद पडतं ते ९० टक्के वेळा पायांमुळे नाही आणि शिस्तीमुळे तर नाहीच नाही, ते बंद पडतं कारण तिने ते घरातल्या कोणालाही न दुखवता, कोणाचंही काही न हलवता, स्वतःच्या झोपेतून कापून काढलेलं असतं.

तुझा पाचचा अलार्म बघ ना. पाच का? कारण पाचला कोणालाच तुझी गरज नसते. म्हणजे तू घराकडून काहीच मागितलं नाहीस, फक्त झोपेकडून मागितलंस. आणि मुलगा रात्री दोनदा उठतोय असं तूच लिहिलंयस, झोपायला साडेअकरा होतात, म्हणजे हातात आले पाच तास, तेही तुकड्यातुकड्यांत. दोन आठवडे उत्साहावर निघतात, तिसऱ्या आठवड्यात सर्दी तरी होते नाहीतर ऑफिसमधे डोकं तरी फिरतं. तू आळशी म्हणून बंद नाही पडलं, शरीराने हिशोब चुकता केला. माझा स्वतःचा नियम आहे, आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर पहाटेचा रन नाही, संध्याकाळी जमला तर बघू. पोर रात्रभर सलग झोपायला लागलं की पहाट पुन्हा आपली होते. माझा धाकटा साडेतीन वर्षांचा झाल्यावर मी पहाटेवर आले, त्याआधी प्रयत्न करून फक्त चिडचिडी झाले होते.

मग वेळ कुठून आणायचा? इथे मी तुला आमच्या घरातलं एक भांडण सांगते, कारण माझं सगळं पळणं त्या भांडणावर उभं आहे.

धाकटा साधारण दीड वर्षाचा असताना मी रोज नवऱ्याला विचारायचे, "उद्या सकाळी जाऊ का चाळीस मिनिटं?" तो बिचारा कधीच नाही म्हणायचा नाही, "जा की" म्हणायचा. पण सकाळी पोर रडलं की हाक मलाच, परत आले की ओट्यावर दूध तसंच, दप्तर तसंच, आणि मी घामाने निथळत पोळ्या लाटतेय. परवानगी होती पण जागा नव्हती. एकदा रविवारी मी लाँग रनसाठी दीड तास मागितला तर त्याने सहज म्हटलं, "आज नको, माझी मॅच आहे." आणि माझी ट्यूब पेटली. तो दर रविवारी सकाळी सात ते दहा क्रिकेट खेळतो. लग्नाच्या आधीपासून. तीन तास. त्यासाठी त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं, मीही त्याने विचारावं असं कधी म्हटलं नव्हतं, ती मॅच आमच्या घरात भिंतीसारखी होती, सगळे तिला वळसा घालून जायचे. आणि माझी चाळीस मिनिटं मात्र रोज सकाळी नव्याने अर्ज करून मिळायची.

त्या दिवशी जोरदार वाजलं. पण संध्याकाळी एक काम चांगलं झालं, आम्ही वहीचा कागद घेतला, सोमवार ते रविवार सात रकाने पाडले आणि सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ यात घरात काय काय होतं ते सगळं लिहिलं. दूध तापवणं, डबे, पोराची शी-शू, अंघोळ, व्हॅन, पाळणाघरातून आणणं, कणिक, रात्रीचं झोपवणं, सगळं. आणि प्रत्येकापुढे नाव. नवरा खरंच चकित झाला, भांडण म्हणून नाही, त्याला माहीतच नव्हतं की झोपवायला पाऊण तास लागतो. मग ठरलं की त्याचे रविवारचे तीन तास राहतील, माझेही तीन तास राहतील, मंगळवार आणि गुरुवार प्रत्येकी पाऊण आणि शनिवारी दीड. आणि माझ्या वेळात घर त्याचं, म्हणजे नुसतं "बघतो" नाही तर त्या रकान्यात लिहिलेलं सगळं त्याचं. तो कागद फ्रीजवर लागला. दर तीन-चार महिन्यांनी बदलतो, मुलांच्या शाळेच्या वेळा बदलतात, त्याची शिफ्ट बदलते, पण कागद आजही आहे.

तुला पहिलं काम हेच सांगेन. शूज नाही, अ‍ॅप नाही, हा कागद. आणि एक गोष्ट लक्षात ठेव, "मदत कर" असं म्हणू नकोस, मदत म्हटलं की काम आपलंच राहतं आणि तो पाहुणा होतो. दिवस आणि तास ठरव. त्याचेही तास ठेव, त्याचं काहीतरी असेलच, जिम, गिटार, नुसतं मित्रांबरोबर चहाला जाणं, ते कापून तुझं करू नकोस, नाहीतर महिन्याभरात ते परत येणार आणि तुझं जाणार.

सासूबाईंचं. तू लिहिलंयस की त्यांना आवडत नाही. माझ्या सासूबाईंनाही आवडायचं नाही, आणि मी वर्षभर समजत होते की सुनेने हाफ पँट घालून पळायला जाणं त्यांना खटकतंय. तसं नव्हतंच. मी गेले की धाकटा उठायचा, त्याला उचलून घेऊन त्यांना गॅसपाशी उभं राहावं लागायचं, त्यांची कंबर भरून यायची. त्या बोलायच्या पळण्याबद्दल, दुखत होती कंबर. ते कळल्यावर मी रात्रीच त्याची बाटली, थर्मासमधे गरम पाणी, बिस्किटांचा डबा सगळं त्यांच्या कॉटपाशी ठेवायला लागले आणि उचलण्याचं काम नवऱ्याचं हे स्पष्ट ठरवलं. कुरकुर निम्मी झाली. निम्मी अजून आहे, परवाच म्हणाल्या, "एवढी वर्षं पळतेस, पोचलीस कुठे?" तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात तर त्यांच्या भरवशावर रनचा प्लॅन करूच नकोस, त्यांना फक्त घरात एक मोठं माणूस म्हणून धर, मुलाला सांभाळायला म्हणून नाही.

आता प्रत्यक्ष जागा शोधू. तुझ्या आठवड्यात मला तीन दिसतायत.

पहिली, ऑफिसच्या दिवशी सकाळी, पण घरून पळत नाही, ऑफिसला पोचून. तू साडेआठला निघतेस आणि वाकडच्या पुलाखाली अडकतेस. तीच गाडी पावणेसातला काढली तर जो वेळ वाचतो त्यातच तुझा रन बसतो, कसलाही वेगळा वेळ न काढता, मी हे पाच वर्षं केलंय. बहुतेक मोठ्या कॅम्पसमधे आत गोल रस्ता असतो, रिकामा असतो, सिक्युरिटी असते, जिममधे शॉवर असतो. वीस-पंचवीस मिनिटं पळ, अंघोळ, कँटीनला पोहे, नऊला जागेवर. यासाठी त्या एका दिवसाची सकाळ पूर्ण नवऱ्याची लागते, म्हणून तो कागद आधी. बॅग रात्री भरायची आणि दाराशी ठेवायची, आतले कपडे दोनदा तपास, मी एकदा विसरले होते, तो दिवस आठवला की अजून हसू येतं.

शॉवर नसेल तर दुसरी जागा, ऑफिसहून परत येताना. इथे माझा एकच ठाम नियम आहे: घराचा उंबरठा ओलांडला की रन संपला. दारात पोर मांडीला मिठी मारतं, गॅसवर काहीतरी असतं, आणि "दहा मिनिटांत जाते" म्हणता म्हणता नऊ वाजतात. म्हणून ऑफिसच्या वॉशरूममधेच पळायचे कपडे घालायचे, आणि घराच्या आधी कुठेतरी थांबून, मैदान असेल, पाषाण तलावाची बाजू असेल, अगदी सोसायटीचं पार्किंग, तिथे पळूनच वर जायचं. त्या दिवशी पाळणाघरातून आणणं नवऱ्याकडे. मला पार्किंगमधे गोल गोल पळणारे लोक वेडे वाटायचे, नंतर मीच पार्किंगमधे १८० मीटरच्या फेऱ्या मारत अख्खा एक पावसाळा काढला. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण लाईट असतो, कुत्री नसतात, आणि वरच्या गॅलरीतून हाक मारली की ऐकू येते.

तिसरी, शनिवार किंवा रविवार सकाळ, जरा मोठा रन, आत्ता ४०-४५ मिनिटं, पुढे सव्वा-दीड तास. घरून काम असलेल्या दिवशी दुपारी साडेबाराला पळायचा विचार असेल तर पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत ठीक आहे, मार्च ते मे विसर. ऑक्टोबरचंही ऊन फसवं असतं.

एवढंच? हो, तीनच. आणि मधले दोन, समज मंगळवार-गुरुवारचे, २०-२५ मिनिटांचेच. तुला हे कमी वाटेल कारण तुझ्या डोक्यात लग्नाआधीची तू आहेस जी आठवड्याला पाच दिवस पळायची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, किंवा १५० ते ३०० मिनिटं मध्यम. तुझे २५, २५ आणि ४५ म्हणजे ९५ मिनिटं झाली. पळणं जोरकसात धरलं तर तब्येतीसाठी, पळण्यापुरती तरी, तू आत्ताच उत्तीर्ण आहेस, त्याहून जास्त पळणं ती हौस.

पण हे तिन्ही आठवड्यात पसरलेले हवेत, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगते. धाकटा दोन वर्षांचा असताना एक मोठा प्रोजेक्ट आला, मधले दोन्ही रन महिनाभर बुडाले, आणि मी काय केलं, सगळ्याची भरपाई रविवारी. सलग चार रविवार १६-१८ किमी आणि मधे आठवडाभर शून्य. दम अजिबात लागत नव्हता, मला वाटलं वा, काय फिटनेस आहे. दम लागत नाही कारण हृदय आणि फुप्फुसं पटकन तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध फार सावकाश, त्यांना महिने लागतात, आणि त्यांना थोडाथोडा भार वारंवार हवा असतो, एकदम थप्पी नको. पाचव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशा एका ठिकाणी दुखायला लागलं, मी आयोडेक्स चोळून अजून एक रविवार पळले (हो, इतकी मूर्ख होते), मग एमआरआय, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर), आठ आठवडे पळणं बंद. दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन लंगडायचं म्हणजे काय ते मी अनुभवलंय. तेव्हापासून ग्रुपमधे सगळ्यांना हेच सांगते, बुडालेला रन बुडाला, तो वसूल करायचा नाही. आणि नडगीवर पसरट, पळायला लागल्यावर कमी होणारं दुखणं वेगळं आणि एकाच बिंदूवर, दाबलं की कळ येणारं, रात्री ठणकणारं वेगळं, दुसरं असेल तर त्याच दिवशी पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

वेगाचं म्हणशील तर सगळे रन सावकाश. किती सावकाश? पळता पळता आईशी फोनवर बोलता आलं पाहिजे, आज भाजी काय केली, पोराने काय खाल्लं, हे सगळं पूर्ण वाक्यांत. "हो...नाही...नंतर" असं होत असेल तर वेग जास्त आहे. तुझ्या जुन्या वेळा त्या घड्याळाच्या अ‍ॅपमधे अजून असतील, त्या बघायच्या नाहीत, जमलं तर नवीन अकाउंट काढ. माझ्याकडे एक मुलगी येते ती दर रनला चार वर्षांपूर्वीच्या स्वतःशी रेस लावते आणि दरवेळी हरून रडकुंडीला येते, मी शेवटी तिचं घड्याळ काढून घेतलं. पहिले चार आठवडे तर पळ-चाल कर, चार मिनिटं पळणं एक मिनिट चालणं. लाज वाटायचं काही कारण नाही, माझ्या ग्रुपमधे असं पळून फुल मॅरेथॉन केलेले लोक आहेत.

आणि आता ते जे कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमधे लिहिलेलं नसतं: पाळणाघर म्हणजे सर्दी-खोकल्याची घाऊक बाजारपेठ. पहिली एक-दोन वर्षं महिन्यातून एक आठवडा घरात कोणीतरी आजारी असणारच. त्यात पोळीवाल्या मावशी गावाला जातात, गणपती येतात, पाहुणे येतात. इंटरनेटवरचे १२ आठवड्यांचे प्लॅन बिनपोराच्या माणसांनी बनवलेले वाटतात मला. म्हणून चारपैकी तीनच आठवडे धर. बारा आठवड्यांचं काम सोळा आठवड्यांत होईल असं आधीच मान्य करून टाक, म्हणजे तो चौथा आठवडा आला की "झालं, पुन्हा बंद पडलं" असं वाटणार नाही, तो ठरलेलाच होता. एक आठवडा बुडाला तर आधीचा आठवडा पुन्हा करायचा आणि पुढे जायचं. दोन-तीन आठवडे बुडाले तर दोन पायऱ्या खाली उतरायचं. स्वतः आजारी असशील तर, नुसतं नाक वाहतंय तर हळू पळायला हरकत नाही, पण ताप, अंगदुखी, छातीत कफ यातलं काही असेल तर अजिबात नाही, ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस नाही.

आणि अगदीच वाईट आठवड्यासाठी माझ्याकडे एक दहा मिनिटांची युक्ती आहे. शूज घालायचे, खाली उतरायचं, दहा मिनिटं पळायचं, वर यायचं. याने फिटनेस काही वाढत नाही, पण मंगळवारचा खिळा भिंतीत तसाच राहतो. नाहीतर काय होतं, दोन मंगळवार तू गेली नाहीस की त्या पाऊण तासात नकळत दुसरं काहीतरी येऊन बसतं, कोणाचा तरी कॉल, इस्त्रीवाला, आणि मग ते उठवायला पुन्हा भांडण.

शरीराबद्दल दोन-तीन गोष्टी बोलायलाच हव्यात, ज्या बायका मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारतात. पळताना, उडी मारताना, शिंकताना लघवी थोडी गळते का? बाळंतपणानंतर हे खूप जणींना होतं आणि "होतंच गं" म्हणून पॅड लावून पळत राहतात. खूप जणींना होतं म्हणजे ते असंच सोडून द्यायचं असं नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट पुण्यात आहेत, त्यांच्याकडे जा, बहुतेकींना काही आठवड्यांत फरक पडतो. ओटीपोटात जड वाटणं, काहीतरी खाली सरकतंय असं वाटणं हे असेल तर आधी डॉक्टर, मग पळणं. (तुझा आता अडीच वर्षांचा आहे म्हणून, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं बाळ लहान असेल तर डिलिव्हरीनंतर किमान तीन महिने पळायचं नाही, आणि नंतरही आधी भराभर चालणं अर्धा तास त्रास न होता जमलं पाहिजे. सिझेरियन असेल तर डॉक्टरला विचारूनच.)

दुसरं, रक्त तपासून घे. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), जमल्यास व्हिटॅमिन बी-१२ आणि डी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) निघाला होता, म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त, आणि अ‍ॅनिमिया असेल तर जिना चढतानाच धाप लागते, पळणं तर सोडच, आणि आपण म्हणत बसतो माझ्यात शिस्त नाही. माझंच हिमोग्लोबिन एकदा साडेनऊ निघालं होतं, मी सहा महिने स्वतःला आळशी म्हणत होते. गोळी डॉक्टर देतील तीच घे, फक्त चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह नीट शोषलं जात नाही.

तिसरं ताकदीचा व्यायाम, आणि इथे जिमचं नाव काढू नकोस, त्याला वेळ नाही हे मला माहितीये. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून एका पायावर टाच वर-खाली. एका पायाने सलग २५ झाल्या की तुझ्या पोटऱ्या पळायला तयार आहेत असं समज, सुरुवातीला १२ वर कळ येईल. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. मुलाला उचलताना कंबरेतून वाकून न उचलता गुडघ्यात वाकून उचल, १२-१३ किलोचं वजन दिवसातून वीस वेळा, फुकटचं जिम आहे.

खाण्यावर फार बोलत नाही. पाऊण तासाच्या आतल्या रनला काही खास लागत नाही, अर्धं केळं किंवा दोन खजूर, पाणी, बस. पळून आल्यावर मात्र नुसत्या चहावर राहायचं नाही, अंडं, दूध, शेंगदाणे घातलेले पोहे, जे घरात असेल ते. उपवास करत असशील तर त्या दिवशी मोठा रन नको, साबुदाणा खाऊनही नको, पोटात दगड घेऊन पळल्यासारखं होतं. आणि डब्याला रोज पोळी-भाजीच हवी हा नियम रनच्या दोन दिवशी मोडून टाक, थालीपीठ, दहीभात, उपमा, जग बुडत नाही. मी तर म्हणते निम्मा वेळ पोळ्यांतच अडकलेला असतो.

मुलगा रडतो म्हणून तू चोरून निघतेस असं लिहिलंयस. ते बंद कर. मीही आधी चोरून जायचे, शूज बाहेरच्या रॅकमधे ठेवून अनवाणी निघायचे, पण त्याने धाकटा जास्तच चिकट झाला, मी अंघोळीला गेले तरी दार बडवायचा, कारण आई कधीही गायब होते हे त्याला कळलं होतं. मग सांगून जायला लागले, "आई पळून येते, तू आणि बाबा दूध पिऊन ब्लॉक्सचा टॉवर करा, टॉवर झाला की मी आले." पहिले आठ-दहा दिवस भोकाड पसरलं, नवऱ्याला कानात कापूस घालायची वेळ आली, मग सवय झाली. प्रॅममधे घेऊन पळायचं डोक्यात असेल तर मी तरी आपल्या फुटपाथवर सांगणार नाही, दर पन्नास पावलांवर झाकण नाहीतर टपरी.

सेफ्टीचं एवढंच की हिवाळ्यात पुण्यात साडेसहा वाजले तरी धड उजाडत नाही, तेव्हा अंधारात वेताळ टेकडीवर एकटी जाऊ नकोस, कितीही मोरांचे आवाज येत असले तरी. टेकडी रविवारसाठी, उजाडल्यावर, दोघी-तिघींबरोबर. एका कानातच इअरफोन. कुत्री मागे लागली की पळायचं थांबवून चालायला लागायचं, नजर न मिळवता, बहुतेक वेळा तीही कंटाळून जातात. भडक रंगाचा टीशर्ट. घरी कुठल्या रस्त्याने जातेय ते सांगून जायचं.

आता जानेवारीची हाफ. आत्ता जून आहे, मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे सात महिने. कागदावर सात महिने भरपूर आहेत २१ किमीला. पण हाफची तयारी म्हणजे शेवटचे दोन-अडीच महिने रविवारचा रन दोन-दोन तासांचा, वर त्या दिवशी दुपारभर तू सोफ्यावर आडवी, म्हणजे नवऱ्याचा रविवार अख्खा गेला, आणि तेही नेमकं दिवाळी, वर्षअखेरचे रिलीज आणि मुलाच्या शाळाप्रवेशांच्या धावपळीत. मी असं करेन, नोव्हेंबरपर्यंत काही ठरवायचं नाही, डिसेंबरमधे इथेच कुठली तरी १० किमी करायची, मुंबईला जायचंच असेल तर तिथेही १० किमीचा गट असतो, तो कर, समुद्राचा वारा खाऊन ये. हाफ त्याच्या पुढच्या वर्षी, मुलगा चार वर्षांचा झाल्यावर. तू म्हणशील ही बाई पाय ओढतेय. पण मी चार जणींना लहान पोर असताना हाफ करताना बघितलंय ज्या फिनिश लाईनवर मेडल घेऊन फोटो काढल्यावर पुढचे आठ महिने पळल्याच नाहीत, कारण घर इतकं ताणलं गेलं होतं की कोणी पुन्हा "जा" म्हणायला तयार नव्हतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनबद्दल विचारूच नकोस अजून, यवतेश्वरचा घाट कुठे पळून जात नाही.

सध्या एवढंच कर. या शनिवारी रात्री मुलगा झोपल्यावर नवऱ्याला चहा दे (किंवा त्याला करायला लाव, जास्त बरं) आणि तो सात रकान्यांचा कागद काढा. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून कपडे बदलून निघ, वीस मिनिटं, चार पळणं एक चालणं, पाऊस असेल तर पार्किंगमधे. शूज जुनेच घाल, पण बरेच जुने झालेत ना, त्यांचा तळ अंगठ्याने दाबून बघ, लाकडासारखा कडक झाला असेल किंवा चिकटवलेला भाग सुटत असेल तर टाकून दे आणि संध्याकाळी दुकानात जाऊन नवे घे, संध्याकाळी अशासाठी की पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, आणि बाळंतपणानंतर तुझा नंबर अर्ध्याने वाढला असण्याची शक्यता आहे, माझा वाढला होता आणि मी वर्षभर काळ्या नखांनी फिरत होते.